मकरंदची वाक्यं

मकरंदचं पहिलं पूर्ण वाक्य त्याच्या कानामागच्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेर पडलं, तेव्हा मी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. "चहा बिनसाखरेचा आण," एवढंच वाक्य. पण आवाज त्याचाच होता, कॉलेजातल्या जुन्या तासांच्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला, तोच किंचित घोगरा. मी तिथेच उभ्याउभ्या रडले, आणि मी काही रडूबाई नाही. नाव मृदुला असलं तरी जिभेला हाड नाही, असं सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं माझ्याबद्दल मत आहे.

मकरंद भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक. सप्टेंबरात त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पेपर वाचायचा, माझ्यावर डोळे वटारायचा, पण तोंड उघडलं की फक्त "हं" यायचं. नाशिकच्या एका पुनर्वसन केंद्रात त्याच सुमाराला 'वाचा' नावाचं यंत्र बसवायला लागले होते. मुलाने बंगळुरूहून चौकश्या केल्या, आणि आम्ही तिथे भरती झालो.

तिथल्या वाचोपचारतज्ज्ञ डॉ. फरहाना पठाण. मुलाच्याच वयाची मुलगी, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने मला सगळं समजावून सांगितलं. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा मेंदूवर ठेवतात. आपण बोलायचं ठरवलं की जीभ हलायच्या आधीच मेंदूत त्या शब्दाची जुळवाजुळव होते. मकरंदची जुळवाजुळव शाबूत होती, ती जिभेपर्यंत पोचवणारा रस्ता तेवढा खचला होता. पडदा ती जुळवाजुळव टिपतो आणि यंत्र तिचा आवाज करतं.

"पण काकू, प्रत्येकाच्या मेंदूची चाल वेगळी," फरहाना म्हणाली. "यंत्राला सरांची चाल शिकवावी लागते. घरचं कुणीतरी रोज समोर बसून त्यांच्याशी बोलायचं. ते ऐकून यंत्र सरांना काय म्हणायचंय याचा अंदाज बांधतं. सरांनी मान हलवली की तो अंदाज पक्का."

"आणि नाही शिकलं तर?"

"अशा झटक्यानंतर थोडे आठवडे मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. तेवढ्यात जे उमटेल ते उमटेल. मग घट्ट होतो."

समोर बसणाऱ्या माणसाला ते 'संवादसाथी' म्हणत. संवादसाथी अर्थातच मी. इतकी वर्षं संसार केला तो काय उगाच?

मी कंबर कसून कामाला लागले. मकरंद डोळे उघडून माझ्याकडे बघायचा, त्याला काय हवंय ते मला कळायचं, मी म्हणायची, "पंखा कमी करू?" तो मान हलवायचा. "शिऱ्यात वेलची जास्त झाली ना?" मान. "तुझ्या भावाला फोन करायचाय, पण आज नको, उद्या?" मान. यंत्र भराभर शिकत गेलं. तिसऱ्या आठवड्यात मकरंद पूर्ण वाक्यं बोलत होता. दुसऱ्या खोल्यांमधल्या बायका माझ्याकडे येऊन विचारायच्या, तुम्ही असं काय केलंत? मीही भाव खाऊन घेतला.

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नव्हता. मकरंद बोलायला लागल्यापासून जास्त उदास दिसत होता.

मग एका सकाळी शलाका निकुंभ आल्या.

या बाई मकरंदच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. कॉलेज सिन्नरला, आम्ही सगळे नाशिकला, त्यामुळे दोघं एकाच गाडीतून जा-ये करत. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, मोहदरीच्या घाटातून, नोकरी संपेपर्यंत. एकमेकांना अजून 'भालेराव' आणि 'निकुंभ मॅडम'च म्हणत. पिकलेले केस, हातात सीताफळांची पिशवी, आणि दारातच म्हणाल्या, "अहो भालेराव, हे काय सोंग काढलंत?"

मकरंदचा चेहरा उजळला. अर्धाच उजळला, उजवी बाजू अजून लुळी होती, पण मी तो चेहरा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्याने मान उचलली. कानामागून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत:

"निकुंभ मॅडम, तुम्ही येत जाऊ नका. मृदुलाला आवडत नाही."

शलाकाबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आणि मकरंद डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर मारायला लागला. मान जोरजोरात आडवी हलवत, तोंडाने "हं, हं, हं" करत. आवाज मात्र शांतपणे पुढे बोलत होता: "मला सोसत नाही माणसांचं येणं-जाणं. थकायला होतं."

ही वाक्यं माझी होती. शब्दन् शब्द माझा. आदल्या आठवड्यात बाईंचा फोन आला होता आणि मी मकरंदला विचारलं होतं, "निकुंभ मॅडमना येऊ नका म्हणू ना? मला नाही आवडत आजारपणात गर्दी. माणसांचं येणं-जाणं तुला सोसत नाही, थकायला होतं." त्याची मान हलली होती. होकाराने हलली की थकून खाली पडली, ते मी नीट बघितलं नव्हतं. बघायचंच नव्हतं मला.

फरहाना धावत आली, तिने यंत्र बंद केलं. मकरंदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रागाचं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शलाकाबाई "मी नंतर येते" म्हणून गेल्या.

दुपारी फरहानाने मला तिच्या खोलीत बसवलं आणि संगणकाच्या पडद्यावर तीन आठवड्यांच्या नोंदी उलगडल्या. एक हिरवी रेघ होती, मकरंदच्या मेंदूतल्या शब्दांच्या जुळवाजुळवीची. माझ्याबरोबरच्या सगळ्या बैठकांमध्ये ती जवळजवळ आडवी.

"म्हणजे तो काही बोलतच नव्हता?" मी विचारलं.

"तुमच्याशी बोलायची त्यांना गरज पडत नव्हती. चूक माझी आहे, मी ही रेघ आधीच बघायला हवी होती. मान हलते आहे म्हणून मी खूश होते." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "काकू, मेंदू फार कंजूष असतो. जे समोरच्याला सांगावं लागत नाही, ते तो तयारच करत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं पुरं करता. मग त्यांचा मेंदू पाव वाक्यावरच थांबायला लागला. आता तेवढंही लागत नाही. तुम्ही बोलता, ते मान हलवतात, यंत्र तुमचं बोलणं त्यांचं म्हणून पाठ करतं."

"पेढे वाटले मी," मी म्हणाले.

"हे सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागेल. ओल अजून दहाबारा दिवस टिकेल. पण संवादसाथी दुसरा हवा."

कोण हवा हे यंत्रानेच सांगितलं. फरहानाने मकरंदला आवाज ऐकवले. भावाच्या आवाजाला रेघ थोडी थरथरली. मुलाच्या आवाजाला बऱ्यापैकी वर गेली. माझा आवाज लागला, तर जणू घरातला पंखा चालू आहे, त्याची काय दखल घ्यायची! मग शलाकाबाईंचा आवाज लागला, "अहो भालेराव" एवढाच, आणि रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

फरहाना म्हणाली, "तुमची परवानगी लागेल. पत्नी म्हणून निर्णय तुमचा आहे."

मी उद्या सांगते म्हणून घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहिले, हातात वाटी घेऊन, कशासाठी घेतली ते न आठवता.

लग्नाच्या सुरुवातीला माझा मत्सर अगदी साधा होता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात या बाईंनी मोरपंखी साडी नेसली आणि मकरंदने दोनदा तिकडे बघितलं, तर माझा तिळपापड झाला होता. शर्टाचा वास घेतलाय मी, खोटं कशाला सांगू? मग मुलगा झाला आणि साडी मागे पडली. तेव्हा मला त्याच्या वेळेचा मत्सर वाटायचा. सहलीला विद्यार्थ्यांना घेऊन दोघं खडक बघायला गेले की मी घरी लेकराला कडेवर घेऊन भांडी आपटायची. पुढे तेही संपलं. पंधराएक वर्षांनी मी डब्यात दोघांना पुरेल एवढी भाजी भरून द्यायला लागले. मैत्रिणींना टेचात सांगायची, "आमच्यात असलं काही राहिलं नाही बाई." मला वाटलं मत्सर मेला. मेला नव्हता, बिऱ्हाड बदलून गेला होता. आता मला त्या बाईंच्या रूपाचं काही वाटत नव्हतं, वेळेचंही नव्हतं. त्याची सगळी वाक्यं त्यांच्यापाशी होती आणि माझ्यापाशी नुसतं "हं" होतं. हे दुखणं शर्टाच्या वासापेक्षा खोल होतं, आणि त्याच्यावर भांडायची सोय नव्हती.

मी नाही म्हटलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता. भावाला बसवलं असतं. रेघ थरथरली असती, मकरंद चारदोन शब्द बोलला असता, आणि मी आयुष्यभर त्याची वाक्यं पुरी करत राहिले असते. खरं सांगायचं तर हा विचार मला बराच वेळ बरा वाटत होता. मग मला कठड्यावर आपटणारा त्याचा हात आठवला. सकाळी मी हो म्हणून कळवलं.

शलाकाबाई रोज सकाळी यायला लागल्या. मी खोलीत असायचं नाही, असा नियम. मी बाहेरच्या बाकावर बसायची. दार जाड होतं. आतून शब्द कळायचे नाहीत, फक्त चढउतार यायचे. पहिले दोन दिवस बाईंचाच आवाज. तिसऱ्या दिवशी मध्येच तो घोगरा आवाज, अडखळत, तुटक. माझ्यासमोर यंत्र किती सफाईदार बोलायचं! हे असं धडपडणारं बोलणं त्याचं स्वतःचं होतं. मग बाई हसल्या. मोठ्याने हसल्या.

मला राहवलं नाही. मी चहाचे कप घेतले आणि दार ढकललं.

"...खडक तो... नाही... त्याच्या... खालचा..." मकरंद म्हणत होता, भुवया ताणून, घाम फुटलेला. मी दिसले. पुढचा शब्द आलाच नाही. यंत्राच्या पडद्यावरची रेघ माझ्या डोळ्यांदेखत उतरली आणि आडवी झाली. बाईंनी विचारलं, "हं, खालचा कुठला?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपांकडे, आणि मला कळलं की त्याला चहा नकोय. नेहमीसारखं, काही न बोलता कळलं. तेच तर वाईट होतं.

फरहानाने मला दंड धरून बाहेर काढलं. तिच्या हाताला चांगलाच जोर होता.

त्या दिवशी बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. "काय बोलता हो तुम्ही आत?"

"भांडतो," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम चुकीचं सांगते. घाटातल्या खडकाचं नाव चुकवते, सालं चुकवते. त्यांना ते सहन होत नाही, दुरुस्त करायला बघतात."

"एवढंच?"

"मृदुलाताई, सरळ विचारा की."

"मी तुम्हाला किती वर्षं पाण्यात पाहतेय, माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भाजी मात्र चांगली करता." त्या पायरीवर टेकल्या. गुडघे दुखत असावेत. "मला त्यांच्या मनातलं काही कळत नाही हो. म्हणून त्यांना मला सगळं सांगावं लागतं. इतकी वर्षं गाडीत बसलो, पण माणूस चहात साखर घेतो की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. मी घरी जायची तेव्हा रिकामं घर असायचं. भालेराव दिवसभर बोलून बोलून थकायचे आणि तुमच्याकडे येऊन गप्प बसायचे. तुमच्याजवळ त्यांना गप्प बसता येतं, याचा मला केवढा हेवा वाटायचा!"

मी हात देऊन त्यांना पायरीवरून उठवलं. दया आली असंही नाही. त्यांना मकरंदबद्दल काही वाटायचं की नाही, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि हे मी टिपून ठेवलं होतं.

दहा दिवस सरत आले. मकरंद शलाकाबाईंशी बोलत होता. फरहानाशी बोलायला लागला, फोनवर मुलाशी बोलला. अडखळत, पण स्वतःचं. मुलगा पलीकडे रडला. मी खोलीत गेले की मात्र रेघ आडवी. शेवटच्या दिवशी सकाळी फरहानाने मला बोलावलं.

"उद्यापासून यंत्राचं शिकणं आम्ही बंद करतो. मेंदूही आता घट्ट होत चाललाय. आज तुमच्याशी एक तरी बैठक जमली नाही, तर सर सगळ्यांशी बोलतील, काकू. फक्त तुमच्याशी नाही."

"मग मी काय करू? मी काही बोललेच नाही तर?"

"गप्प बसून नाही भागणार. त्यांना काहीतरी असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. खरोखर माहीत नाही असं. नुसतं नाटक केलंत तर त्यांना कळेल."

मी आत गेले. मकरंद खुर्चीत बसला होता, अंगावर निळा स्वेटर. फरहाना कोपऱ्यात यंत्रापाशी. मी समोर बसले आणि प्रश्न शोधायला लागले.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? करून बघा. मी विचारलं, "घरी गेल्यावर आधी काय खाणार?" त्याच्या डोळ्यांत बघतानाच मला थालीपीठ दिसलं. रेघ आडवी. "सुनेबद्दल तुझं खरं मत काय?" मला माहीत होतं. आडवी. "मरायची भीती वाटली का रे?" वाटली होती, मी त्याच्याजवळच होते तेव्हा. आडवी. लहानपण, वडील, अर्धवट राहिलेलं पुस्तक, देव आहे की नाही, मी विचारत गेले आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं. मकरंद माझ्याकडे बघत होता, दमलेल्या, गरीब चेहऱ्याने. कोपऱ्यातून फरहाना हळूच म्हणाली, "काकू, अर्धा तास झाला. दमतायत ते."

एकच प्रश्न उरला होता. तो मी इतकी वर्षं विचारला नव्हता. तरुणपणी उत्तराची भीती होती म्हणून, आणि नंतर आपल्याला आता काही वाटत नाही हा तोरा होता म्हणून. त्याचं उत्तर काय असेल ते मला माहीत नव्हतं. मकरंदच्या मनाचा कानाकोपरा ठाऊक असलेल्या मला ती एवढी एक खोली ठाऊक नव्हती.

"मकरंद," मी म्हणाले, "शलाकावर तुझं प्रेम होतं का?"

फरहानाने खाली बघितलं. मकरंदचे डोळे मोठे झाले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, उत्तर तिथून येईल म्हणून, सवयीने. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाट बघत बसले. पडद्यावर रेघ हलली. थोडी उचलली, पडली, परत उचलली, आणि मग वर वर जायला लागली.

"होतं," मकरंद म्हणाला.

छातीत जाळ झाला. अगदी मोरपंखी साडीच्या वेळचा, पंचविशीतला, जसाच्या तसा. आणि त्याच क्षणी माझ्या जिभेवर पुढचं वाक्य येऊन बसलं: पण ते सगळं जुनं झालं, आता तसं काही नाही, हो ना? किती सोपं होतं! मी म्हणायचं, त्याने मान हलवायची, दोघांनी घरी जायचं. तो मान हलवणार याची मला खात्री होती, माझ्यासाठी हलवली असती त्याने. मी खालचा ओठ दातांखाली धरला.

रेघ अजून वरच होती. त्याचं कपाळ आक्रसलं, घाम फुटला.

"अजून... ही... थोडं... आहे," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी सांगायला तो एवढा झटला होता.

मी खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यांपाशी घेतली.

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.